मलिक अंबरचे पाणी

जुने शहर पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारत नाही. घुमट पाहायचा, मिनार पाहायचा, दर्ग्यावर फातेहा पढायचा, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघायचे, ही आपल्या सहलीची रीत. सहल शाळेची असो वा घरची, त्यात फारसा फरक पडत नाही. परत आल्यावर मुलांना निबंध लिहायला सांगितला की ‘ही इमारत फार सुंदर आहे’ या वाक्यापुढे लेखणी सरकत नाही. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना इमारती दाखवतो, शहर दाखवत नाही.

दुसरीही एक गोष्ट आहे. आपल्या समाजात तहजीब आणि तमद्दुन यांचा विषय निघाला की आपली नजर फार लांब जाते. ग्रॅनाडाचा अल-हमरा, बगदादचे बैतुल हिकमत, मोरोक्कोतील फेजची करवियीन मशीद, ही नावे आपल्या व्याख्यानांतून, इस्लामी कॅलेंडरांवरून मुलांच्या कानावर आणि डोळ्यांवर पडलेली असतात. मराठवाड्यात, आपल्या मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासावर, जमिनीखालून वाहणारी एक नहर आहे आणि ती एका हबशी गुलामाने बांधली, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. या लेखात त्या नहरीच्या वाटेने एक शहर पाहायचे आहे. सुरुवात मात्र मोरोक्कोपासूनच करू, कारण तिथला एक माणूस आपल्या या मुलखात येऊन गेला आहे.

तंजाचा मुसाफिर

इब्न बतूता हा १३०४ मध्ये मोरोक्कोतील तंजा या बंदरात जन्मला. १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो हजला म्हणून घरून निघाला आणि जवळजवळ पाव शतक मायदेशी परतला नाही. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला दिल्लीचा काजी केले आणि पुढे चीनच्या बादशहाकडे आपला वकील म्हणून पाठवले. १३४२ मध्ये दिल्ली सोडल्यावर या प्रवासात तो दौलताबादला आला. देवगिरीचे दौलताबाद होऊन तेव्हा पंधराएक वर्षे झाली होती.

त्याने काय पाहिले? दिल्लीच्या तोडीचे मोठे शहर पाहिले. उंच कातळावरचा किल्ला पाहिला आणि तिथल्या अंधारकोठडीतील उंदीर मांजरांहून मोठे असतात, मांजरेच त्यांना घाबरतात, ही हकीकत लिहून ठेवली. गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा खास बाजार पाहिला. त्याचे नाव तो ‘तरबाबाद’ असे देतो. इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हेही त्याने टिपले. इथल्या लोकांना तो ‘मरहटा’ म्हणतो. पुढे नंदुरबारवरून तो खंबायतकडे गेला. आपल्या महाराष्ट्राचे इतके जवळून केलेले वर्णन चौदाव्या शतकातल्या फार थोड्या परदेशी माणसांनी ठेवले आहे.

मायदेशी परतल्यावर सुलतान अबू इनान याच्या हुकमाने त्याने आपला सफरनामा सांगितला आणि इब्न जुज़य्य या कातिबाने तो उतरवून घेतला. १३५५ मध्ये हे काम फेज शहरात पुरे झाले. म्हणजे आपल्या देवगिरीच्या उंदरांची आणि द्राक्षांची गोष्ट पहिल्यांदा कागदावर उतरली ती फेजमध्ये.

फेज इद्रिसी घराण्याने आठव्या शतकाच्या अखेरीस वसवले. तिथली करवियीन मशीद ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने आपल्या वारशाच्या पैशातून बांधली, असे परंपरा सांगते. पुढे तिथेच मोठे विद्यापीठ उभे राहिले. मी फेज पुस्तकांतून पाहिले. त्या पुस्तकांत मदरसे, दरवाजे, चामडे रंगवण्याचे हौद यांची रंगीत चित्रे होती. पण मला धरून ठेवले ते एका साध्या नकाशाने. त्यात नदीचे पाणी लहान लहान कालव्यांत विभागून मशिदी, हमाम, मदरसे, चौकातली कारंजी आणि घरे यांच्यापर्यंत नेलेले दाखवले होते. नदीवर पाणचक्क्या होत्या. अबू इनानने बांधलेल्या मदरशासमोर तर पाण्यावर चालणारे घड्याळ होते. चौकातल्या नळांची डागडुजी वक्फच्या उत्पन्नातून व्हायची. तिथून दूर, मराकेशमध्ये, डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणत. त्याला तिथे ‘खत्तारा’ म्हणतात. नकाशा पाहताना मनात आले, हे सगळे आपल्याकडेही आहे. फक्त आपण ते या नजरेने पाहिलेले नाही.

गुलामाने वसवलेली खडकी

दौलताबादहून पंधराएक किलोमीटरवर खाम नदीकाठी खडकी नावाचे लहान गाव होते. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तिथे शहर वसवले. पुढे त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि त्याचे औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावावरून आपल्याकडे पुष्कळ बोलणे झाले आहे, त्यात मी भर घालत नाही. चार नावे ज्याला मिळाली त्या शहराचे पाणी कुणी आणले, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीचे नाव चापू. पोरवयातच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. येमेनचे मोखा बंदर, बगदाद, असे मालक बदलत त्याची जिंदगी पुढे सरकली. बगदादच्या मीर कासिम या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही हबशीच, आणि एके काळी गुलामच. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, साधा शिपाई झाला आणि पायरी पायरीने वर चढला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा निजामशाही संपल्यातच जमा होती. अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून ती पुढे पाव शतक टिकवली. गनिमी कावा म्हणून पुढे जी युद्धपद्धत प्रसिद्ध झाली, तिचा दख्खनमधला हा मोठा जाणकार. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. जमिनीची पाहणी करून सारा ठरवण्याची त्याची पद्धत मराठी मुलुखात त्याच्यामागेही आठवली गेली. खडकीच्या पुऱ्यांची नावे काढून पाहा: मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी अशा मराठा सरदारांच्या नावांवरून ती पडली. वर्गात मी ही नावे फळ्यावर लिहितो तेव्हा मुले चकित होतात, कारण दोन बाजूंनी दोन धर्म उभे आहेत असाच इतिहास त्यांच्या कानावर आलेला असतो.

बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडलेला होता की अंबरच्या कापलेल्या शिरावर आपण बाण सोडत आहोत, असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शिर जहांगीरच्या हाती कधीच लागले नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणाने वारला. त्याच्या मृत्यूची नोंद करताना मोगल दरबारच्या इतिहासकारालाही त्याच्या कर्तबगारीची तारीफ करावी लागली.

जमिनीखालची नहर

खडकीच्या भोवती खडक. नावच तसे. वस्ती वाढवायची तर पाणी हवे, आणि खाम नदी उन्हाळ्यात आटणारी. अंबरने उत्तरेकडच्या हर्सूल-सावंगीच्या बाजूला, डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखाली अडवले आणि बांधीव भुयारातून शहराकडे आणले. ही नहर-ए-अंबरी. भुयाराला ठरावीक अंतरावर वरून तोंडे ठेवली होती, म्हणजे हवा खेळावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा. उतार इतका बेताचा की पाणी थांबत नाही आणि भिंतीही खरवडत नाही. पाणी उपसायला मोट नाही की रहाट नाही. पाणी आपल्याच वजनाने चालत येते. शहरात शिरल्यावर खापरी नळांतून ते हौदांत आणि घरांत वाटले जाई. मध्ये मध्ये उंच मनोरे होते. त्यांतून पाणी वर चढून पुन्हा खाली उतरे, त्यामुळे दाब आटोक्यात राही.

हा प्रकार मुलांना समजत नाही असे वाटले, तर एक साधा प्रयोग करावा. प्लॅस्टिकची पारदर्शक नळी घ्यावी, एक टोक उंचावरच्या बादलीत धरावे आणि दुसरे खाली. खालचे टोक हळूहळू वर न्यावे. बादलीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत पाणी नळीत आपोआप चढते. सातवीच्या मुलालाही हे पटते, आणि मग चारशे वर्षांपूर्वीचा कारागीर त्याला आपला उस्ताद वाटू लागतो.

१६१६ मध्ये मोगल फौजेने खडकी लुटली, जाळली. अंबरने ती पुन्हा उभी केली. आता गंमत पाहा. मोगलांच्या बाजूने दख्खनमध्ये अंबरशी ज्याने झुंज दिली तो अब्दुर रहीम खान-ए-खानान, हिंदीचा मोठा कवी, त्याने १६१५ च्या सुमारास बुऱ्हाणपूरला अशीच जमिनीखालची नहर बांधवली. तिला तिथे कुंडी भंडारा म्हणतात. दोघे एकमेकांचे वैरी, एकाच दशकात दोघांनाही एकच काम सुचले. फौजा कुणाच्या जिंकल्या आणि कुणाच्या हरल्या याचा हिशोब इतिहासाच्या पुस्तकांत आहे, पण दोन्ही शहरांतल्या लोकांनी पुढे शेकडो वर्षे पाणी प्यायले ते या दोघांच्या कामामुळे.

अंबरचा भडकल दरवाजा १६१२ चा, मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभा केलेला. त्याचा नौखंडा महाल, त्याने बांधलेली जामा मशीद, हेही पाहावे. औरंगजेबाने १६८२ नंतर शहराभोवती तट बांधला. दिल्ली दरवाजा, मक्का दरवाजा, पैठण दरवाजा, रंगीन दरवाजा, रोशन दरवाजा ही नावे आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. बावन्न दरवाजांचे शहर असे लोक म्हणतात. त्यातले बरेच आता उरलेले नाहीत. प्रत्येक दरवाजा कुठल्या गावाच्या रस्त्यावर उघडतो, हे मुलांना विचारावे. शहर कुणाशी व्यवहार करत होते, ते दरवाजांच्या नावांवरूनच कळते.

पाणचक्की, म्हणजे वक्फचा अर्थ

मक्का दरवाजाच्या उजव्या-डाव्या बाजूला खामचा काठ धरून चालत गेले की पाणचक्की लागते. बुखारा मुलखातून आलेले नक्शबंदी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर यांची ही दर्गाह. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इथले हौद, मशीद आणि चक्की उभी राहिली. काही मैलांवरून खापरी नळांतून आणलेले पाणी एका उंच भिंतीवर चढवले आहे. तिथून ते धबधब्यासारखे हौदात पडते. या पाण्याच्या जोरावर लोखंडी पाती फिरतात आणि त्यांच्याबरोबर दगडी जाते. मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली उन्हाळ्यात गारवा.

जात्यावर पीठ कुणासाठी निघे? इथे राहणारे फकीर, तालिबे-इल्म आणि वाटसरू यांच्यासाठी. म्हणजे पाण्याने चक्की फिरे, चक्कीने भाकरी होई आणि भाकरीवर मदरसा चाले. वक्फ म्हणजे काय, असा प्रश्न अलीकडे वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून इतका गाजला की हा शब्द ऐकला तरी लोक बाह्या सरसावतात. कायद्याचे कलम बाजूला ठेवून मी मुलांना ही चक्की दाखवतो. कुणीतरी आपली मिळकत अल्लाहच्या नावाने मोकळी केली, आणि तिचे फळ आपल्या वारसांना न मिळता अनोळखी भुकेल्याला मिळावे अशी तजवीज करून ठेवली. एवढाच तो अर्थ. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही याच पाणचक्कीच्या आवारात आहे. मिळकतींचे वाद, भाडी, अतिक्रमणे यांच्या फायली जिथे चढतात-उतरतात, त्याच्या खिडकीबाहेर वक्फचा मूळ अर्थ पाण्याच्या रूपाने पडत असतो. आपल्या समाजातल्या मुतवल्लींनी आणि आपण सर्वांनीच तिथे घटकाभर उभे राहावे.

मकबरा, शायर आणि एक साधी कबर

बीबी का मकबरा न पाहता कुणी परतत नाही, आणि परतूही नये. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. तिचा मुलगा आजमशाह याच्या नावाने हा मकबरा ओळखला जातो. गाइड ‘दख्खनचा ताज’ म्हणून पुढे नेतो आणि ताजमहालाशी तुलना करून त्याला कमी ठरवतो. मी मुलांना मुख्य दरवाजाकडे थांबवतो. तिथल्या लेखात दोन नावे आहेत: रचनाकार अताउल्ला आणि बांधकाम पाहणारा हंसपतराय. अताउल्ला हा ताजमहालाचे रचनाकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. बादशाही इमारतीवर कारागिरांची नावे कोरलेली क्वचितच सापडतात. या दोन नावांपुढे दुसऱ्या कुठल्या भाषणाची गरज पडत नाही.

उर्दूचा मास्तर म्हणून या शहराचे माझ्यावर एक वेगळे ऋण आहे. वली दखनी इथला. १७०० मध्ये तो दिल्लीला गेला आणि पुढे त्याचा दीवान तिथे पोचला, तेव्हा फारसीत लिहिणाऱ्या दिल्लीच्या शायरांना आपल्या बोलीतही गझल लिहिता येते हे उमगले. त्याच्या मागून सिराज औरंगाबादी आला. तो याच मातीत पुरला आहे. वली अहमदाबादेत वारला. तिथली त्याची कबर २००२ च्या दंगलीत उद्ध्वस्त झाली आणि तिच्यावरून रस्ता झाला. दखनीतला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आला, हे सांगितले की माझ्या वर्गातली मराठवाड्याकडची मुले हसतात आणि घरच्या बोलीची लाज थोडी कमी होते.

शेवटचा टप्पा खुलताबाद. शेख मुंतजबुद्दीन जर जरी जर बख्श, बुऱ्हानुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी यांची ही औलियांची भूमी. बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले. म्हणजे इब्न बतूता या भागात आला तेव्हा त्यांना जाऊन पाचच वर्षे झाली होती. जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यात औरंगजेबाची उघड्या आकाशाखालची साधी कबर आहे. गाड्या तिथे थांबतात. बाजूने बोलणारे तिथे येतात, विरुद्ध बोलणारेही तिथेच येतात. मलिक अंबरचा मकबरा तिथून जवळच आहे. त्याने तो हयातीतच बांधवून ठेवला होता. तिथे घोषणा देणारे कुणी नसते आणि फूल ठेवणारेही क्वचितच.

मुलांना काय दाखवायचे

आम्ही मीरा रोडला, पूनम सागरच्या आसपास राहणारी माणसे. हे गाव कुणा वजीराने वसवले नाही. १९९२-९३ नंतर मुंबईच्या वस्त्यांमधून उठलेल्या कितीतरी कुटुंबांनी इथल्या खाजणालगतच्या इमारतींत घर केले. आमच्या मुलांचे वाडवडील कोकणातले, मराठवाड्यातले, उत्तर प्रदेशातले. तुम्ही मूळचे कुठले, हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला जाणार आहे. चापू या हबशी पोराची गोष्ट त्यांना सांगावी ती यासाठी. तो कुठून आला हे कुणी विसरले नाही. पण तो ज्या मातीत आला तिथल्या लोकांसाठी त्याने काय केले, यावरून तो इथला झाला.

एकदा वर्गात विचारले, आपल्या नळाला पाणी कुठून येते? उत्तरे आली: टाकीतून. टाकीत कुठून? टँकरमधून. त्यापुढे वर्ग गप्प. मग नकाशा काढला आणि शहाड-टेमघरच्या योजनेतून उल्हास नदीचे पाणी कुठून कुठे फिरून मीरा-भाईंदरपर्यंत येते ते दाखवले. मुलांनी आपापल्या इमारतीची टाकी त्या नकाशावर जोडली. त्यानंतर खडकीच्या नहरीचा धडा घेतला. तो त्यांना तासभर सांगावा लागला नाही. अर्ध्या गोष्टी त्यांनीच सांगितल्या.

नहरीची स्थिती मात्र चांगली नाही. विसाव्या शतकापर्यंत शहराच्या कामी आलेली ही वाट कुठे इमारतींच्या पायाखाली दबली, कुठे गटार होऊन बसली. जायकवाडीचे भव्य धरण जवळ असूनही त्याच शहरात अलीकडच्या वर्षांत नळाला पाणी कित्येक दिवसांआड येत आले आहे. मलिक अंबरच्या नावाने आपण जयंती साजरी करू, चौकाला त्याचे नाव मागू. पण त्याची नहर साफ ठेवण्याची मागणी घेऊन कुणी जात नाही. अभिमान बाळगायला खर्च येत नाही. गाळ काढायला मात्र माणूस खाली उतरावा लागतो, आणि अंबरने त्यासाठीच भुयाराला वरून तोंडे ठेवली होती.

पुढच्या सहलीला जाणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना माझे सांगणे इतकेच. मकबऱ्यापासून नको, हर्सूलपासून सुरुवात करा. पाणी जसे शहरात आले तसे तुम्हीही या: नहरीची तोंडे, नौखंडा, भडकल दरवाजा, पाणचक्की, मग मकबरा. खुलताबादला गेलात तर मलिक अंबरच्या कबरीवर थांबा, फातेहा पढा, आणि मुलांना विचारा की आपल्या मागे राहणाऱ्यांसाठी आपण कुठले पाणी सोडून जाणार आहोत. उत्तर तिथल्या तिथे मिळायला हवे असे नाही. घरी परतल्यावर निबंधात लिहू द्या.